एमटीएनएल या मुंबई-दिल्लीच्या सरकारी टेलिफोन कंपनीत युनियन इतकी जुनी असताना कंत्राटीकरण थांबवता का आलं नाही?

मुख्य कारण म्हणजे लढायला माणसंच उरली नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने ५० वर्षांपुढच्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती मंजूर केली. १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० ला मुंबई-दिल्लीतली एक्स्चेंजेस एका दिवसात ओस पडली. पगार रखडत होते, तेव्हा त्यात ‘स्वेच्छा’ किती होती हे तुम्हीच ठरवा. कुठल्या फुटपाथखाली कुठला केबल जॉइंट आहे हे तोंडपाठ असलेले लाइनमनही त्यात गेले. मग दुरुस्तीला कंत्राटदार आला नाही तरच नवल!

दुसरी अडचण कायद्याची. तेव्हाच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार एखाद्या कामात कंत्राटी मजूर नेमायला बंदी घालायची, तर ती सरकारनेच घालायची. इथे मालकही तेच सरकार! वर ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या २००१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की बंदी आली तरी कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही.

युनियनचीही चूक आहेच. कंत्राटी पोरांना वेळीच सभासद करून घेतलं असतं तर निदान संख्याबळ तरी राहिलं असतं.