अडलंय कुठे? : सीबीआर, मोल आणि विदाउट तिकीटवाले

मागच्या अंकात सहज लिहून गेले की केमिस्ट्री नि स्टॅट्सची अडलेली गणितं पाठवा, बघू काय ते, आणि मग काय, वह्यांच्या फोटोंचा नुसता पाऊस. अर्धे तिरके, एकावर चहाचा डाग, एका पानावर मागच्या बाजूला वाण्याची यादी. सगळे प्रश्न इथे घेता येणार नाहीत, पण वह्या बघून एक गोष्ट लक्षात आली, बहुतेकांचा लोच्या एकाच जागी आहे. आकडा लिहिलाय पण तो कशाचा ते लिहिलेलंच नाही. नुसतं ०.१, नुसतं १०. कशाचे दहा रे बाबा, मिली, ग्रॅम की हापूस?

ताई, मी बारावी सायन्सला आहे. प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिड विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट होतं. ऑक्झॅलिक ०.१ मोलर, पिपेटने १० मिली घेतलं, ब्युरेटचं (खाली नळ असलेल्या, मिलीच्या खुणांच्या नळीचं) रीडिंग १०.० मिली आलं. मी एम१व्ही१ = एम२व्ही२ लावलं तर परमँगनेट ०.१ मोलर येतंय आणि बरोबर उत्तर ०.०४ आहे म्हणे. मैत्रिणीने नॉर्मॅलिटीने केलं, तिचं आलं. माझं काय चुकलं? – विद्यार्थिनी, विरार

तुझी गुणाकार-भागाकारात चूक नाहीये, तू सूत्रच दुसऱ्या गावाचं उचललंस. एम१व्ही१ = एम२व्ही२ हे पाणी घालून पातळ करण्याचं सूत्र आहे. म्हणजे कोकम सरबत घट्ट झालं, त्यात अजून दोन ग्लास पाणी ओतलं, चव पातळ झाली पण आतला कोकम आणि साखर तेवढीच राहिली, आधीचे मोल (म्हणजे कणांची मोजणी, खाली सविस्तर आहे) = नंतरचे मोल, बस्स एवढंच ते सांगतं. तुझ्या फ्लास्कमध्ये एकच वस्तू पातळ होत नाहीये, दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना भिडतायत, आणि त्या एकास एक भिडत नाहीत. बॅलन्स केलेली रिॲक्शन बघ, २ परमँगनेटला ५ ऑक्झॅलेट लागतात.

आता सूत्र बाजूला ठेव आणि नुसतं मोज. १० मिली गुणिले ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) म्हणजे १ मिलिमोल, मोलचा हजारावा भाग. कशाचा? ऑक्झॅलिक ॲसिडचा, हे शेजारी लिही, प्लीज लिही. ५ ऑक्झॅलिकला २ परमँगनेट, तर १ ला किती, ०.४ मिलिमोल, कशाचे, परमँगनेटचे. हे ०.४ मिलिमोल ब्युरेटमधून उतरलेल्या १० मिलीत होते, म्हणून ०.०४ मोलर. संपलं. पाचवीतलं त्रैराशिक आहे हे.

मैत्रिणीचं बरोबर आलं कारण नॉर्मॅलिटीच्या पोटात ते २ आणि ५ आधीच बसलेले असतात. ऑक्झॅलिकचा एक रेणू २ इलेक्ट्रॉन देतो, म्हणून ०.१ मोलर म्हणजे ०.२ नॉर्मल, आणि परमँगनेट ५ इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून ०.२ भागिले ५, आलं ०.०४. देणारे जेवढे देतात तेवढेच घेणारे घेतात, नॉर्मॅलिटी ही इलेक्ट्रॉनची उधारवही आहे असं समज. पण तिला विचार, परमँगनेटला ५ नेच का भागलंस? "सरांनी सांगितलं म्हणून" असं म्हणाली तर तीही तुझ्याच बोटीत आहे, फक्त तिची बोट यावेळी किनाऱ्याला लागली.

जाता जाता, परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा मेनिस्कस (नळीतल्या द्रवाचा खोलगट तळ) दिसतच नाही, रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं. आणि सुरुवातीचे थेंब रंग सोडायला वेळ लावतात म्हणून घाबरायचं नाही, फ्लास्क गरम आहे ना ते बघायचं आणि हलवत राहायचं, थोडं मँगनीज तयार झालं की तेच पुढची रिॲक्शन पळवतं.

माझी पाच रीडिंग आली ९.८, १०.१, १०.०, १०.३, ९.८. केमिस्ट्रीवाले म्हणतात सीबीआर यायलाच पाहिजे, स्टॅट्सवाले म्हणतात मीन (सरासरी) काढ. आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, रीडिंगचा पसारा) काढताना ५ ने भागू की ४ ने? कॅल्सीवर दोन बटणं आहेत, दोन उत्तरं येतात. – एफवायबीएस्सी, कुर्ला

सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, यावर माझा जुना राग आहे त्यामुळे जरा लांबण लावते. अकरावीत असताना माझी दोन रीडिंग १०.१ आली, तिसरं १०.४. मी जर्नलमध्ये शांतपणे १०.१, १०.१, १०.१ लिहिलं, सीबीआर १०.१, खाली पट्टीने रेघ. मॅडम आल्या, जर्नल वाचलं नाहीच, सरळ ब्युरेटवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या "हे काय आहे?" आणि ब्युरेट बिचारी अजून १०.४ वर उभी. फ्लास्क पण गडद गुलाबी, म्हणजे एंड पॉइंट (रिॲक्शन पुरी झाल्याची खूण) केव्हाच ओलांडलेला, अख्ख्या बॅचला दिसत होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या नुसत्या म्हणाल्या तिसरं पुन्हा कर, आणि मला ठाण्याची फास्ट सोडावी लागली.

तर सीबीआरचा खरा अर्थ "तिन्ही सारखे लिहा" असा नाहीये. पहिलं रीडिंग पायलट, अंदाजाचं, मग हात बसेपर्यंत करत राहा, जुळणारी रीडिंग आली की ती घ्या. ज्या रीडिंगमध्ये चूक झाली हे तुला माहीत आहे, रंग गडद झाला, नळी नीट भरली नव्हती, ते खोडून कारण लिहून सोडून दे. चूक माहीत नसेल तर नुसतं आवडलं नाही म्हणून वगळायचं नाही, मीन काढ आणि सोबत पसारा सांग. पण खरं सांगू, तुझी रीडिंग अर्ध्या मिलीत फिरतायत, ०.१ चे भाग असलेल्या ब्युरेटवर हे जास्त आहे, आधी नळ आणि हात दोन्ही तपास.

आता ५ की ४. मीन १०.०. फरक येतात -०.२, ०.१, ०, ०.३, -०.२. वर्ग करून बेरीज ०.१८. पाचाने भागलं तर वर्गमूळ साधारण ०.१९, चाराने भागलं तर ०.२१. ती दोन बटणं हीच.

चार का? समजा तुम्ही पाच जण अलिबागला गेलात, खर्च कोणी कमी केला कोणी जास्त, घरी येऊन हिशोब केला. पाचही जणांचं येणं-देणं मिळून शून्यच होणार ना. चौघांचं कळलं की पाचव्याला विचारायची गरजच नाही, त्याचं आपोआप ठरलं. मीनपासूनचे फरकही तसेच, बेरीज शून्य, म्हणजे मोकळे फक्त चार. शिवाय मीन तू याच पाच रीडिंगमधून काढलास, तो यांच्याच मध्ये जाऊन बसतो, त्यामुळे फरक जरा लहानच दिसतात, खरा आकडा कदाचित कुठे बाजूला असेल. ४ ने भागलं की तो कमीपणा भरून निघतो, याला बेसल करेक्शन म्हणतात. अख्ख्या वर्गाचे मार्क हातात असतील आणि त्याच वर्गाबद्दल बोलायचं असेल तर सगळ्यांनी भागायचं, तिथे कशाला एक वजा करायचा. तुझी पाच रीडिंग म्हणजे सॅम्पल, म्हणून ४.

आणि हे लहान सॅम्पलचं दुखणं जुनं आहे. गिनेस या बिअरवाल्या कंपनीत विल्यम गॉसेट नावाचे केमिस्ट्री शिकलेले गृहस्थ होते, त्यांच्याकडेही मोजकीच रीडिंग असायची, त्यांनी १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने पेपर छापला, त्यातूनच पुढे तुझ्या सिलॅबसमधली टी-टेस्ट आली. म्हणजे केमिस्ट्रीवाले आणि स्टॅट्सवाले भांडतायत असं काही नाही.

मुलगी अकरावीला आहे, मोल म्हटलं की रडकुंडीला येते. ६.०२२ गुणिले दहाचा २३ वा घात हे मलाच कळत नाही तर तिला काय सांगू? – एक आई, मुलुंड

तुम्ही नागदेवी स्ट्रीटला गेलात आणि हजारो बारीक स्क्रू हवे असतील तर दुकानदार एकेक मोजत बसेल का? वजनावर देईल. शंभराचं वजन एकदा माहीत असलं की झालं. मोल ही तीच युक्ती आहे, रेणू मोजता येत नाहीत म्हणून वजन करून मोजायचे. डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, तसं मोल म्हणजे तो अवाढव्य आकडा, एवढंच. पूर्वी त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जेवढे अणू तेवढे अशी होती, २० मे २०१९ पासून आकडाच पक्का करून टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा २३ वा घात, मुलीला ६.०२२ पुरे.

स्वयंपाकघरात दाखवा. १८ मिली पाणी, एका टेबलस्पूनहून थोडं जास्त, हा एक मोल. १८० मिलीचा ग्लास म्हणजे दहा मोल. खायचा सोडा ८४ ग्रॅम तोलला तर एक मोल, मीठ साधारण ५८.५ ग्रॅम. तीन वाट्या शेजारी ठेवा, ढीग वेगवेगळे पण मोजणी सारखी, हे डोळ्यांनी दिसलं की निम्मं काम झालं.

आणि तिची वही बघितली मी. "१ मोल ऑक्सिजन = १६ ग्रॅम" लिहिलंय. अणू म्हणत असाल तर १६, पण हवेतला ऑक्सिजन जोडीने फिरतो, त्याचा मोल ३२ ग्रॅम. तिला मोल समजत नाही असं नाहीये हो, कशाचा मोल ते ती लिहीत नाहीये. तिला शब्द लिहायला लावा, "ऑक्सिजन अणू", "ऑक्सिजन रेणू", थोडं कंटाळवाणं वाटेल पण लावाच.

ज्याचं वजन कमी तो लिमिटिंग रिएजंट, बरोबर? – लालबागहून

नाही. जो आधी संपून रिॲक्शन थांबवतो तो लिमिटिंग. टेलरकडे १२ शर्टांचं कापड आहे आणि ७० बटणं, एका शर्टाला ७. बटणं ढीगभर दिसतात पण शर्ट दहाच होणार. हायड्रोजन ४ ग्रॅम, ऑक्सिजन २४ ग्रॅम घे. हायड्रोजन २ मोल, ऑक्सिजन पाऊण मोल, आणि २ मोल हायड्रोजनला १ मोल ऑक्सिजन लागतो. म्हणजे सहापट जड असलेला ऑक्सिजनच आधी संपला. पाणी दीड मोल, २७ ग्रॅम, हायड्रोजन १ ग्रॅम उरला. २७ आणि १, अठ्ठावीस, आधीचेही अठ्ठावीस, ताळा जमला.

बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय, कंडिशनल प्रोबॅबिलिटी आली की डोकं आऊट होतं. बेजचं सूत्र पाठ आहे पण कुठे काय टाकायचं कळत नाही. – कांदिवली

सूत्र विसर, माणसं मोज. मी एक गणित बनवते, आकडे माझ्या मनाचे आहेत, रेल्वेने मनावर घेऊ नये. पुलावरून १००० प्रवासी उतरले, २ टक्के विदाउट. विदाउटवाल्यांपैकी ९० टक्के टीसी दिसला की बावरतात, आणि तिकीट-पास असलेल्यांपैकीही १० टक्के उगाचच बावरतात (मी त्यातली, पास पर्समध्ये असूनही छातीत धडधड). टीसीने एका बावरलेल्याला धरलं, तो विदाउट असण्याची शक्यता किती?

पटकन तोंडात ९० टक्के येतं ना. आता मोज. विदाउट २०, त्यातले बावरलेले १८. तिकीटवाले ९८०, त्यातले बावरलेले ९८. एकूण बावरलेले ११६, त्यात खरे विदाउट १८, म्हणजे साधारण साडेपंधरा टक्के. "विदाउट असेल तर बावरेल" हे ९० आणि "बावरला तर विदाउट असेल" हे साडेपंधरा, दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात खाली २० माणसं, दुसऱ्यात ११६. टक्का दिसला की आधी बघायचं कोणाचा टक्का. परीक्षेत वेळ नसतो मान्य, पण हजार माणसांचं हे गणित अर्ध्या मिनिटात होतं, सूत्र आठवण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

नातवाला स्टॅट्स शिकवतो. तो विचारतो सरासरी आहे तर स्टँडर्ड डेव्हिएशन कशाला? – आजोबा, सांताक्रूझ

आजोबा, तुमच्याइतकं चांगलं उदाहरण कोणाकडे आहे? २६ जुलै २००५, चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३-७४. सरासरी काढा, ५०९ च्या आसपास येते. तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलाच नव्हता. आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत हे सांगायला स्टँडर्ड डेव्हिएशन लागतं. नातवाला एवढं सांगा आणि मग तुमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी होतं ते दाखवा.

२२.४ की २२.७? – अकरावी, भांडुप

दोन्ही. एक मोल वायू किती जागा घेतो त्याचे हे आकडे. शून्य सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर असेल तर २२.४ लिटर, १ बार असेल तर २२.७. आययूपीएसीने (केमिस्ट्रीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ पासून १ बार धरलाय, जुन्या पुस्तकांत २२.४ राहिलंय. प्रश्नात प्रेशर काय दिलंय ते वाच, दिलं नसेल तर तुझ्या पुस्तकातलं घे आणि काय धरलं ते एका ओळीत लिही. आणि बोर्डाला कॅल्सी चालत नाही, लॉग टेबल चालतं, तेव्हा आतापासून अँटिलॉग बघायची सवय लाव, तुझ्या फोटोतला तिसरा स्टेप तिथेच फसलाय.