आयुष्यातला थोडका वेळ सार्थकी कसा लावावा? फोंड्याहून एक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३६, पर्वरीत नोकरी, घरी आजारी आई आणि शाळेत जाणारा मुलगा. सकाळी घाईघाईत स्कूटरवरून निघता, रात्री मोबाइल चाळता चाळता डोळा लागतो, आणि ‘आयुष्य मोजकं आहे हे कळतं, पण हेतू ठेवून जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय?’ असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता हेही लिहिलंय की शाळेत असताना पेटी वाजवायचात, ती सुटली. माझ्या मते अख्ख्या प्रश्नातलं कामाचं वाक्य तेच आहे. त्याकडे नंतर येतो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. सरकारी लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झालो. पण गावात मला ओळखतात ते जत्रेच्या नाटकातला प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटांना संवाद आठवून देणारा, म्हणून. माझं तोंड प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही. आवाज मात्र पुढच्या दोन रांगांना बऱ्याचदा ऐकू गेलेला आहे.

वेळ कमी असतो म्हणून वाया जातो, हे मला मुळीच पटत नाही. गोव्यात आम्ही याच्या उलटं डोळ्यांनी पाहिलंय. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्ये थोडं सुरू झालं आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहाचे गाडेवाले, सगळ्यांच्या हातात एकदम दिवसच्या दिवस आले. माझा एक मावसभाऊ त्यातलाच. बँकेचे हप्ते चालू आणि ट्रक अंगणात उभा. पहिले काही महिने तो रोज सकाळी ट्रक धुवायचा. बाहेर काढायचा नाही, पण धुवायचा, टायरवर हात फिरवायचा, बॉनेट उघडून बघायचा आणि मग तिंट्यावर, म्हणजे गावच्या बाजारचौकात, जाऊन दुपारपर्यंत बसायचा. खाण चालू असताना हाच माणूस म्हणायचा, ‘एक महिना सुट्टी मिळू दे, बघ घराचं काय करतो ते.’ सुट्टी मिळाली तेव्हा घराची साधी पन्हळसुद्धा दुरुस्त झाली नाही. पैशाची चिंता होतीच, ती मी कमी लेखत नाही. पण त्याला हलवलं ते शेजाऱ्याने. त्याच्या वायंगण शेताला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला, पाणी सोडायची पाळी सांभाळायला कुणी नव्हतं. ‘तू रिकामाच आहेस, पहाटे पाट फोडशील का?’ इतकंच त्याने विचारलं. त्यानंतर भाऊ पहाटे उठायला लागला, कारण तो उठला नाही तर खालच्या तीन शेतांना पाणी मिळणार नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने स्वतःची पडीक जमीन लावली.

माझं सगळं म्हणणं यात आलं. वेळ सार्थकी लागतो तो आपली वाट बघणारं कुणीतरी असलं आणि तारीख ठरलेली असली की. हेतू वगैरे मागाहून येतो, कधी कधी येतही नाही, आणि त्यावाचून फारसं अडत नाही.

आमच्या नाटकाचंच घ्या. बाहेरच्यांना वाटतं गोवा म्हणजे समुद्रकिनारे. पण इथे जत्रा, काला, शिगमा, चवथ, काहीही असो, देवळापुढच्या मांडवात मराठी नाटक व्हायलाच हवं. पालखी झाली की मध्यरात्रीच्या सुमारास नांदी सुरू होते, ती पहाटेला पडदा. जत्रेची तिथी देवाची, ती कुणासाठी पुढे जात नाही. तालमी महिना-दोन महिने आधी सुरू होतात, रात्री जेवणं आटोपल्यावर, सभामंडपात.

गेल्या खेपेला राजाचं काम करणारा दिवसभर वायरिंगची कामं करतो. त्याला दोन मुलं, दम्याचे वडील, वर तालुकाभर फिरती. तालमीला यायचा तेव्हा खिशात टेस्टर असायचा आणि मनगटावर भिंतीचा चुना. पार्ट त्याने कधी पाठ केला? स्कूटरवर. हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने संवाद म्हणत जायचा. फर्मागुडीच्या चढावर एका बसवाल्याने त्याला ‘काय रे, बरं आहे ना?’ म्हणून विचारलं होतं. एकदा तो आलाच नाही तर प्रधान, सेनापती, दोन दूत आणि मी असे सगळे त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे मुजरे करत बसलो. दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं आधी हजर. त्याचा दिवस तुमच्यापेक्षा मोठा नाही. त्याला कुणी शिस्तीचं व्याख्यानही दिलेलं नाही. तो नसला तर बाकीच्यांचा प्रवेश उभा राहत नाही, हे त्याला माहीत आहे, बस.

आता तुम्ही म्हणाल, मोठी माणसं तर एकटीच, एका ध्येयामागे धावत गेली. खरं आहे. आमच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घ्या. १८७६ चा जन्म. बौद्ध धर्म मुळातून शिकायचा या एका ध्यासाने १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेपर्यंत गेले आणि पाली भाषेचे मोठे पंडित झाले. पण घर सोडलं तेव्हा मागे बायको आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी दरवेळी हे वाचताना, त्या वर्षांत घरची चूल कुणी आणि कशी पेटती ठेवली हे कुणी विस्ताराने लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमच्यापुढे आजारी आई आहे. तो रस्ता तुमचा नाही आणि नसल्याचं दुःखही करू नका.

त्यांचे चिरंजीव दामोदर तुम्हाला जास्त उपयोगाचे आहेत. जन्म गोव्यातलाच, १९०७ चा. पेशाने गणिती. घर पुण्यात, नोकरी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. वर्षानुवर्षं डेक्कन क्वीनने ये-जा. भारताच्या प्राचीन इतिहासावरचं त्यांचं काम आज जगभर अभ्यासलं जातं, आणि ते त्यांच्या नोकरीचा भाग नव्हतं. हजारो जुनी आहत (ठसे मारून पाडलेली) नाणी एकेक करून तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणजे वजनावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो, ही गणित्याची नजर. सुट्टीत पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि गावं पायी पालथी घालायचे, दगडी हत्यारं वेचायचे, गावदेवींच्या जागा पाहायचे. घर, नोकरी, रेल्वे सगळं जागच्या जागी ठेवून. असं काम तुकड्यातुकड्याने होऊ शकतं, कारण एका बैठकीत एकच नाणं तोलायचं असतं.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली. आईला डॉक्टरकडे नेण्यात, औषधं देण्यात, मुलाचा अभ्यास घेण्यात ‘वेळ निघून जातो’ असं तुम्ही लिहिलंय. आमच्या लेखा विभागात पगार आणि पेन्शन हे बांधील खर्च असायचे. ते आधी वजा करायचे आणि उरलेल्यात योजना आखायच्या. ‘पगारात पैसे वाया गेले’ असं कुठल्याही अर्थसंकल्पात लिहीत नाहीत. आईचा वेळ तसा आधीच वजा करून टाका. मग आठवड्यात फक्त चार तास उरतात असं दिसेल. ठीक आहे, चारच उरतात. पण ते खरे चार असतील. हळहळत बसण्यात जाणारा वेळ त्यातून वाचतो, आणि आईजवळ बसलेले असताना मन दुसरीकडे धावत नाही.

त्या चार तासांवर गाव डोळा ठेवून असतं, हेही सांगून ठेवतो. गोव्यात नकार देणं हे मोठं कौशल्याचं काम आहे. माझा नियम साधा आहे: बाराव्याला जायचं, रिसेप्शन टाळायचं. मेलेल्या माणसाच्या घरी गेलेलं लोक आयुष्यभर लक्षात ठेवतात. रिसेप्शनला काय होतं? हॉल शोधा, पार्किंग शोधा, पाकिट हातात घेऊन रांगेत उभे राहा, स्टेजवर अर्धा मिनिट कॅमेऱ्याकडे बघा. नवरा-नवरीला तुम्ही कोण हे ठाऊक नसतं. मग आइस्क्रीम. पूर्ण संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन दोन शब्द बोललात तर पंधरा मिनिटांत काम होतं आणि माणसंही भेटतात. पहिल्या वर्षी दोन-चार जण रुसतील. नंतर ‘तो येत नाही’ हे रूढ होतं. मोबाइलबद्दल काही लिहीत नाही. ते तुम्हालाही कळतं, मलाही.

एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही, ती विंगेत बसून मला कळली: कामांचा क्रम शरीराकडे बघून लावावा. कुणाची स्मरणशक्ती कधीपासून ढिली पडली ते प्रॉम्प्टरला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. विशीतली पोरं दोन वाचनांत पार्ट पाठ करतात आणि चार दिवसांत विसरतात. पस्तीस-चाळिशीतले हळू पाठ करतात, पण अर्थ धरून, आणि जत्रेच्या रात्री चुकत नाहीत. साठीनंतर अर्थ पक्का असतो, शब्द मात्र दगा देतात. नट आयत्या वेळी स्वतःचं वाक्य ठोकून देतो, मग समोरच्याला एंट्रीचा शब्दच मिळत नाही आणि तो विंगेत माझ्याकडे बघत राहतो. म्हणून वाचन, लिहिणं, बागकाम, देवळाच्या समितीतली भांडणं हे सगळं निवृत्तीनंतर करता येईल. जिथे बोटं, श्वास, गुडघे आणि पाठांतर लागतं ते आत्ता. ३६ हे वय त्याला अगदी योग्य आहे.

आता पेटी. उशीर झाला का, असं तुमच्या मनात असणार. फोंडा तालुक्यातल्याच केरी गावच्या थोर गायिका केसरबाई केरकर १८९२ च्या. लहानपणापासून वेगवेगळ्या गुरूंकडे शिकल्या होत्या, तरी अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांची तालीम सुरू झाली ती १९२१ मध्ये, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. नाव होत असताना, झाल्यानंतरही, खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत त्या शिकत राहिल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जगभरच्या संगीताची जी तबकडी अवकाशात गेली तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्यांचं नाव घेऊन मी तुम्हाला मैफलीत बसवत नाहीये. त्यांची प्रतिभा आणि कष्ट दोन्ही आपल्या पलीकडचे. पण एकदा शिकलेलं असतानाही या वयात पुन्हा नव्याने शिकायला बसता येतं, एवढं त्यातून घ्या.

क्लासची फी भरून एकट्याने घरी रियाज करायच्या भानगडीत लगेच पडू नका. पहिल्या पावसात तो बंद पडेल. तुमच्या गावातल्या देवळात भजनी मंडळ असणारच. श्रावणात वास्कोला दामोदर देवाच्या सप्ताहात भजन चोवीस तास अखंड चालतं. गावोगावीही लहान प्रमाणात सप्ताह होतात, आणि रात्री दोन ते पहाटेच्या पाळीला माणसं मिळता मिळत नाहीत. ती पाळी मागून घ्या. नवी पेटी विकत घेऊ नका. आधी एकादशीच्या भजनाला मंडळाच्या पेटीवाल्याशेजारी टाळ घेऊन बसा आणि त्याची बोटं बघा. तो कधीतरी आजारी पडेल, कधी बायकोच्या माहेरी जाईल, तेव्हा पेटी तुमच्यापुढे सरकेल. चुकाल, पखवाजवाला डोळे वटारेल, गवळण अर्ध्यावर सावरून घेतील. पुढच्या एकादशीला पुन्हा जा.

पण त्याआधी घरी बोलून आईजवळ त्या संध्याकाळी कोण बसेल ते नक्की करा, आणि ऑफिसातही आत्ताच सांगून टाका की एकादशीला सहानंतर मी थांबणार नाही.