जिवाणू प्रतिजैविकाला दाद देत नाही, हे काही तासांत कळू शकते का?

होय, काही ठरावीक जिवाणू आणि औषधांच्या बाबतीत ते काही तासांतच कळू शकते, कारण पीसीआरवर (जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती बनवून ते ओळखण्याच्या तंत्रावर) आधारित चाचणी जिवाणूंची वाढ होण्याची वाट न पाहता प्रतिरोधाला कारणीभूत असलेले जनुक किंवा जनुकातील बदल थेट नमुन्यात शोधते. क्षयरोगात हा फरक विशेष मोलाचा ठरतो: त्याचा जिवाणू अतिशय सावकाश वाढत असल्याने कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून तपासण्याला, कित्येक आठवडे लागतात, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेली जीनएक्सपर्ट चाचणी थुंकीच्या नमुन्यावरून रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील प्रमुख औषधाला असलेला प्रतिरोध सुमारे दोन तासांत दाखवते. मात्र अशी चाचणी जनुकाच्या ज्या भागावर बेतलेली असते, तेथीलच बदल ओळखते. म्हणून प्रतिरोध आढळला नाही याचा अर्थ प्रत्येक औषध लागू पडेल असा घेऊ नये, आणि डॉक्टरांनी सांगितलेली कल्चर व संवेदनशीलता चाचणी (जिवाणूवर कोणते औषध चालते हे पाहणारी) टाळू नये.