गॅस संपला म्हणे! आधी जाळी तर काढून बघा

एप्रिल उजाडला की या सदराकडे एसीची पत्रं वाढतात. त्यांतली काही, आणि सोबत गिझर-कूलरची एकेक.

आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी चार वर्षांचा आहे. दरवर्षी मार्चमध्ये सर्व्हिसिंगला येणारा माणूस ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो आणि भरून जातो. महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. गॅस दरवर्षी भरावाच लागतो का? आउटडोअर युनिट ड्राय बाल्कनीत आहे.
– वाचक, बाणेर

नाही. एसीतला गॅस जळत नाही की झिजत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. पण त्याआधी तो खरंच कमी आहे का, हे तरी ठरवा. सर्व्हिसिंगनंतर महिनाभर बरं चालतं ते बहुतेक वेळा गॅसमुळे नव्हे, तर त्याच दिवशी जाळी आणि कॉइल धुतल्यामुळे. तुमच्या भागात बांधकामाची धूळ एवढी, की जाळी पंधरा दिवसांत राखाडी होते.

जाळी धुऊन, वाळवून बसवा. एसी सर्वांत कमी तापमानावर, पंखा ‘हाय’वर ठेवून वीस मिनिटं चालू द्या. साधा डिजिटल थर्मामीटर आधी युनिटच्या वर, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा, मग खाली झडपेपाशी. दोन्हींत १० ते १४ अंशांचा फरक आला तर गॅसला कोणाला हात लावू देऊ नका. फरक कमी असेल तर आउटडोअरला जोडलेल्या दोन नळ्या बघा. बारीक नळीवर बर्फ धरला असेल तर ती गॅस कमी असल्याची खूण. जाड नळीवर बर्फ साठला असेल तर इनडोअरमधून हवा पुरेशी फिरत नाहीये. जाळी, कॉइल नाहीतर ब्लोअर तुंबलाय. जाड नळीला नुसता घाम फुटला असेल तर सगळं ठीक. आणखी एक: इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरच्या वेगाप्रमाणे दाब सतत बदलतो. नुसता गेज (दाब मोजणारं घड्याळ) लावून ‘प्रेशर कमी आहे’ असा निकाल देणाऱ्यावर विसंबू नका.

ड्राय बाल्कनीचा उल्लेख केलात ते बरं झालं, कारण दुखणं तिथेही असू शकतं. बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या लावल्या, समोर वॉशिंग मशीन आणि वर कपड्यांची दोरी, की आउटडोअरने फेकलेली गरम हवा बाहेर न जाता मागून पुन्हा त्यातच शिरते. बाहेर ३८ अंश असताना युनिटला ४५ अंशांची हवा मिळते. वीज जास्त लागते, गारवा कमी येतो. थर्मामीटर आउटडोअरच्या मागे, हवा ओढणाऱ्या बाजूला धरा. उघड्यावरच्या सावलीपेक्षा तिथे चार-पाच अंश जास्त दिसले तर काच पूर्ण सरकवा, युनिटचं तोंड ग्रिलला भिडेल असं पुढे घ्या, मागे किमान एक वीत जागा सोडा आणि समोर काहीही वाळत घालू नका.

एवढं करूनही गॅस कमीच निघाला तर कामाचा क्रम असा सांगा: उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळ्यांत नायट्रोजन भरून ३०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दाब ठेवायचा आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. गळती बहुधा फ्लेअर नटला, म्हणजे नळी युनिटला जोडणाऱ्या पितळी नटला, सापडते, तिथे तेलाचा ओशट डागही दिसतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर काम थांबवा. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. गळती काढल्यावर नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायला किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवायचा, पंप बंद करून दहा मिनिटं गेजचा काटा हलत नाही हे बघायचं, आणि मग आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. बऱ्याच नव्या एसीतला आर-३२ गॅस सौम्य ज्वालाग्राही आहे, तेव्हा गॅस आत असताना ब्रेझिंग (ज्योतीने नळी झाळणं) नाही. नाल्याकाठच्या इमारतींत सांडपाण्याच्या वायूंमुळे तांबं काळं पडून कॉइललाच बारीक भोकं पडतात. तसं असेल तर झाळण्यात अर्थ नाही, कॉइल बदलावी.

एसी १८ वर लावला की खोली लवकर गार होते ना? मग २४ चा आग्रह कशासाठी? आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, रात्री अकरापर्यंत खोली तापलेलीच असते.
– वाचक, कोथरूड

साध्या, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, मग आकडा कोणताही लावा. इन्व्हर्टर सुरुवातीला तसाही जोरात पळतो. १८ लावल्याने फक्त तो कधी दमच घेत नाही. एरवी ठरलेलं तापमान गाठलं की त्याचा भार बराच खाली येतो, आणि खरी बचत तिथेच होते. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी कारखान्यातूनच २४ वर लावलेले येतात, ते याच कारणाने. छताचा पंखा हळू फिरता ठेवून २६ लावून बघा. पहाटे पांघरूण शोधाल.

तुमचा खरा शत्रू मात्र डोक्यावरचा स्लॅब आहे. दिवसभर प्यालेली उष्णता तो संध्याकाळनंतर खोलीत सोडतो. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. कोब्यावर चायना मोझॅक असेल तर तो घासून स्वच्छ ठेवला तरी फरक पडतो. पडदे आतून लावण्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा शेडनेट लावा. आणि पुण्यात मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा उतरते, त्या वेळी खिडक्या उघडा. फुकटचा एसी आहे तो.

इनडोअरमधून भिंतीवर पाणी ओघळतं.
– वाचक, हडपसर

ड्रेन पाइप तुंबलाय. टोकाला व्हॅक्युम क्लीनर लावून शेवाळ ओढून घ्या, किंवा वरच्या ट्रेमध्ये कोमट पाणी हळूहळू ओता. पाइपला कुठे झोल पडला असेल, किंवा त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर तेही कारण. एसी बंद केल्यावर बदाबदा गळत असेल तर कॉइलवर बर्फ साठतोय. वरचं पहिलं उत्तर वाचा.

आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे. १५ लिटरचा गिझर तापताना फुटफुट आवाज करतो, पाणीही लवकर संपतं. दिवसभर चालू ठेवलेला परवडतो की वेळेपुरता?
– वाचक, वाघोली

फुटफुटणं म्हणजे क्षाराचा थर. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर एलिमेंटवर बसतात, थराखाली पाणी अडकून उकळतं आणि आवाज येतो. टाकीतली जागाही तो थर खातो, म्हणून पाणी लवकर संपतं.

वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. आधी एमसीबी बंद, मग इनलेटचा कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी रिकामी. फ्लॅंजचे नट सोडवून एलिमेंट बाहेर काढा आणि लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा. म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड अजिबात नको. टाकीचा लेप आणि वेल्डिंग खातं ते. याच वेळी मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी बघा. टाकीऐवजी स्वतः गंजून जाणं एवढंच तिचं काम. मधली तार दिसू लागली की बदला. गॅस्केट नवीच बसवा. नळातून पाण्याची अखंड धार येऊ लागल्याशिवाय स्विच लावू नका, कोरडा एलिमेंट मिनिटांत जळतो.

आता परवडण्याचं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं, म्हणजे २००० वॉटचा एलिमेंट वीस-एकवीस मिनिटं. दिवसभर चालू ठेवलात तर टाकी थंड होत राहते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा तापवतो, पाणी कोणी वापरलं नाही तरी. अंघोळीआधी वीस मिनिटं पुरे. थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर. नळाला किंचितही झिणझिण्या आल्या तर गिझर लगेच बंद करा, अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

कूलर मेमध्ये छान चालतो, जूनमध्ये घर दमट होतं. दुरुस्त करता येईल?
– वाचक, धायरी

बिघाड नाही तो. कोरड्या हवेत पाणी सुकतं म्हणून कूलर गारवा देतो. पाऊस जवळ आला की हवेत तेवढी जागाच उरत नाही. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. मेमध्येसुद्धा कूलर उघड्या खिडकीत हवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. त्याने पॅडवर क्षार कमी साचतात आणि डेंग्यूचा डासही वाढत नाही. हंगाम संपल्यावर नुसतं पाणी काढून कूलर माळ्यावर टाकू नका. डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात आणि पुढच्या मार्चमध्ये पाणी भरलं की फुटतात. कडा ब्रशने खरडून घासा, उन्हात वाळवा, पंप काढून वेगळा ठेवा.