वाचकांचे प्रश्न : सिमकार्ड वाचणारी मुक्त साधने

प्रश्न : पायसिम हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर वापरून मी माझे सिमकार्ड संगणकावर वाचले. आयसीसीआयडी (कार्डाचा अनुक्रमांक), आयएमएसआय (नेटवर्कमधील ग्राहकाचा क्रमांक), सेवापुरवठादाराचे नाव अशी बरीच माहिती दिसली. हीच माहिती कोऱ्या कार्डावर उतरवून दुसरे सिम तयार करता येईल का? येत नसेल, तर या साधनाला प्रोग्रॅमिंगची सोय कशासाठी दिली आहे?

उत्तर : तसे सिम तयार होणार नाही, कारण आपल्याला जे दिसले त्यात नेटवर्कला ओळख पटवून देणारी गोष्टच नाही. सिमकार्डात स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची फाइलव्यवस्था असते. त्यातील मजकुराला बाहेरून थेट हात लावता येत नाही; आयएसओ ७८१६ या मानकानुसार कार्डाला आज्ञा पाठवावी लागते आणि कार्डाला ती मान्य असेल तरच माहिती व तिच्या शेवटी ९००० हा यशाचा संकेत मिळतो. प्रत्येक फाइल वाचण्याची अट वेगळी आणि तीत लिहिण्याची वेगळी. आयसीसीआयडी कोणालाही वाचता येतो, आयएमएसआय वाचायला पिन लागतो, पण आयएमएसआय बदलायला एडीएम नावाची प्रशासकीय किल्ली लागते आणि ती सेवापुरवठादार आपल्याकडेच ठेवतो.

खरी मेख याच्याही पुढे आहे. कार्डात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते आणि तिची दुसरी प्रत फक्त नेटवर्ककडे असते. नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवते, कार्ड त्या किल्लीने आतल्या आत गणित करून केवळ उत्तर बाहेर देते. किल्ली वाचून दाखवणारी आज्ञा ग्राहकाच्या कार्डात ठेवलेलीच नसते. जुन्या जीएसएम कार्डांतील कॉम्प१२८ या ओळख पटवण्याच्या गणिती पद्धतीची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये संशोधकांनी फोडली होती. कार्डाला सुमारे दीड लाख निवडक प्रश्न विचारून त्यांनी किल्ली शोधून काढली. ‘सिम क्लोनिंग’च्या बहुतेक कथा तिथूनच आलेल्या आहेत. आज सर्रास वापरात असलेली मिलेनाज ही पद्धत एईएस या प्रमाणित कूटलेखन पद्धतीवर उभी आहे आणि तिच्यापुढे ती युक्ती चालत नाही.

मग प्रोग्रॅमिंग कोणासाठी? जे स्वतःचे प्रायोगिक नेटवर्क उभारतात त्यांच्यासाठी. ऑस्मोकॉम या मोबाइल नेटवर्कसाठी मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रकल्पातील मंडळींनी पायसिम त्याच गरजेतून वाढवले. असे नेटवर्क चालवणारे लोक प्रोग्रॅम करता येणारी कार्डे विकत घेतात आणि त्या कार्डांबरोबर प्रत्येकाची एडीएम किल्लीही मिळते. ती हाती असली की पायसिम-शेलमध्ये, म्हणजे पायसिमच्या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, फाइल निवडून मजकूर बदलता येतो. आयएमएसआयच्या फाइलीचा क्रमांक ६एफ०७ असून ती ९ बाइटांची असते. चाचणी नेटवर्कचा ००१०१०००००००००१ हा आयएमएसआय तीत ०८ ०९ १० १० ०० ०० ०० ०० १० असा उलटापालट दिसतो, कारण पहिला बाइट लांबीचा, दुसऱ्यात पहिल्या अंकासोबत समविषमतेची खूण, आणि पुढे प्रत्येक जोडीतील अंकांची अदलाबदल. पायसिमचा खरा उपयोग इथे कळतो : हा गुंता ते स्वतः सोडवते आणि आपल्यापुढे सरळ क्रमांक ठेवते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एडीएम किल्ली अंदाजाने टाकून पाहू नये. ठरावीक चुकांनंतर ती कायमची बंद होते आणि ग्राहकाला पिन विसरल्यावर पीयूके (अडकलेला पिन उघडणारा क्रमांक) जसा उपयोगी पडतो, तसा पर्याय तिथे मिळेलच असे नाही.

प्रश्न : प्रोग्रॅम करता येणाऱ्या कार्डावर मी आयएमएसआय व किल्ली लिहिली आणि ओपन५जीएस या मुक्त नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये तोच ग्राहक नोंदवला. तरीही फोन ‘मॅक फेल्युअर’ दाखवून नेटवर्क नाकारतो. कार्ड खराब आहे का?

उत्तर : या संदेशाचा अर्थ, नेटवर्कने पाठवलेला ओळखीचा पुरावा कार्डाच्या गणिताशी जुळला नाही. कार्डावर शंका घेण्याआधी ओपी आणि ओपीसी यांची गल्लत झाली आहे का ते पाहावे. मिलेनाजच्या गणितात किल्लीसोबत वापरले जाणारे ओपी हे मूल्य संपूर्ण नेटवर्कसाठी एकच असू शकते, तर ओपीसी हे त्या ओपीवरून आणि त्या कार्डाच्या किल्लीवरून काढलेले असल्यामुळे प्रत्येक कार्डाचे निराळे असते. दोन्हींची लांबी सारखीच, १६ बाइट, म्हणून एकाच्या जागी दुसरे लिहिले तरी कोणतेही सॉफ्टवेअर कुरकूर करत नाही. कार्डात ओपीसी लिहिले असेल तर ग्राहकनोंदीतही ओपीसीचाच पर्याय निवडलेला हवा. संदेश ‘सिंक फेल्युअर’चा असता तर किल्ल्या जुळल्या असून फक्त क्रमगणक (ओळख पटवण्याच्या फेऱ्यांचा दोन्हींकडचा आकडा) मागेपुढे झाला आहे असे समजावे, तशा वेळी फोन नेटवर्कला आपला क्रम कळवतो आणि बहुधा पुढच्याच प्रयत्नात जोडणी होते.

प्रश्न : जुन्या सिममधील संपर्क आणि पुसलेले संदेश याच साधनाने परत मिळतील का?

उत्तर : संपर्क मिळतील, मात्र ते सिमवरच साठवलेले असायला हवेत. पिन लावलेला असेल तर तो आधी द्यावा लागेल. तीन चुकांनंतर पिन अडकतो आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचे निकामी होते. पुसलेल्या संदेशांची शाश्वती नाही. प्रत्येक संदेशाच्या नोंदीतील पहिला बाइट ती जागा भरलेली की मोकळी हे सांगतो. काही फोन संदेश पुसताना तेवढाच बाइट बदलतात, त्यामुळे मजकूर मागे राहतो आणि तो वाचता येतो. पूर्ण नोंद एफएफ या रिकामेपणा दाखवणाऱ्या बाइटने भरणाऱ्या फोनच्या बाबतीत हाती काहीच लागत नाही. वाचण्यासाठी पीसी/एससी मानकाचा साधा यूएसबी कार्डरीडर पुरतो. लहान आकाराचे सिम असेल तर आधी अ‍ॅडाप्टरमध्ये घालावे.