झिरो पार्टनरचा, रीडिंग माझं

प्रश्न : सर, मी नागपूरला मानेवाड्यात राहते, बारावी सायन्सला आहे. ऑक्सॅलिक अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोड्याच्या टायट्रेशनला (अ‍ॅसिड पुरं संपवायला सोडा किती लागतो ते मोजायचं) सगळ्या बॅचचं सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा सारखं येणारं ब्युरेट रीडिंग, १०.० एमएल आलं आणि आमचंच तिन्ही वेळा ९.८. सोल्यूशन त्याच बाटलीतलं. मॅडम म्हणाल्या, डोळा चुकून राहिला तुमचा. पण चुकला तर तिन्ही रीडिंग सारखी कशी काय? ब्युरेटचा, म्हणजे सोडा सोडायच्या आकडेवाल्या उभ्या नळीचा, झिरो पार्टनर सेट करते, शेवटचं रीडिंग मी घेते. ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे, पण त्याचा काय संबंध?

उत्तर : अगं, संबंध तिथंच तर आहे! सोल्यूशन काचेला चिकटून कडेनं वर चढतं, मधे खळगा पडतो, तो मेनिस्कस, आणि वाचायचा असतो त्याचा तळ. आता हा तळ नळीच्या मधोमध आणि आकडे पुढच्या काचेवर, मधे अर्धा सेंटीमीटर तरी अंतर. स्कूटीवर मागं बसून काटा बघितला की चालवणाऱ्यापेक्षा वेगळाच स्पीड दिसतो नं, तसंच. पार्टनर खालून बघते, तिला तळ खाली दिसतो, म्हणजे ती झिरो म्हणते तेव्हा सोल्यूशन खरं तर झिरोच्या जरा वरच असतं. तू वरून बघतेस, तुला तळ वर सरकलेला दिसतो, आणि ब्युरेटमधे वरचा आकडा म्हणजे कमी आकडा. ५० एमएलच्या ब्युरेटला एक मिलिमीटर म्हणजे जवळपास ०.१ एमएल. एक तिचा, एक तुझा, ०.२ गायब! पिपेटनं, म्हणजे एकच ठरलेलं माप घ्यायच्या नळीनं, ०.१ नॉर्मल अ‍ॅसिड १० एमएल घेतलं असेल तर सोड्याची नॉर्मॅलिटी, म्हणजे सोल्यूशनची तीव्रता, ०.१०० ऐवजी ०.१०२ निघते.

तू एकटीनंच दोन्ही वेळा तेवढंच वाकडं बघितलं असतं तर वजाबाकीत चूक बरीचशी उडाली असती. पिपेटला ही सवलत नाही, पण तिची रेघ नळीभोवती गोल असते, पुढची-मागची रेघ एक दिसली की डोळा लेव्हलला आला समज.

बी.एस्सी.ला असताना मी तर झिरो सेट करायला अख्खा स्टँड टेबलावरून उतरवून स्टुलावर ठेवायचो, लॅबवाले काका ओरडायचे, पण रीडिंग जुळायचं. मागं पांढरा कागद धर. आणि पोटॅशियम परमँगनेट आलं की तळ शोधत बसू नको, त्या जांभळ्यात तो दिसतच नाही, तिथं वरची कड वाचायची, झिरोलाही आणि शेवटीही.