दाढीआधीचं तेल: चार थेंब पुरेत
अरे, तेलाच्या बाटलीला हात लावण्याआधी चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजव. केस मऊ होतात ते पाण्याने; तेल फक्त ब्लेड घसरायला मदत करतं. ओल्या चेहऱ्यावरच तीन-चार थेंब चोळ, गळ्यापाशी जरा जास्त वेळ. मी सुरुवातीला तळहातभर खोबरेल थापायचो, मग फेस काही उभा राहायचा नाही! शिवाय साताऱ्याच्या थंडीत खोबरेल बाटलीतच गोठतं, साधारण २४ अंशांखाली. तेव्हा बदामतेल बरं. हात साबणाने धुऊनच रेझर धर, नाहीतर तेलकट हातातून मूठ निसटते. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी आला तर साबण वाढव, तेल नाही. आणि ब्लेड दाबू नकोस.